कानांची खोटी हजेरी

परळ, दि. ६ मार्च १९९०

तीर्थरूप सरोजिनीताईंच्या चरणी शशिकांतचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

रुग्णालयाच्या खाटेवरून, डाव्या कुशीवर आणि गुडघे पोटाशी घेऊन हे पत्र लिहितो आहे. शेषशायी विष्णूचे हे विडंबन औषधयोजनेचा भाग आहे. संपाच्या वर्षी आमच्या आतड्याला व्रण झाले. गिरणी उघडली नाही, व्रण मिटले नाहीत. दिवसातून चौदा वेळा देहधर्म करून मी थकलो. सर्जन आतडे काढून पोटाला पिशवी लावू म्हणतात. तत्पूर्वीचा शेवटचा उपाय म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करतात त्या जातीचे औषध अधोमार्गाने आत सोडणे.

ते आतड्यावरच थांबावे, रक्तात फार उतरू नये, म्हणून दर तासाला रक्त काढून तपासतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वरच्या आतड्यातून शोषलेले औषध आधी यकृताकडे जाते, अगदी खालच्या टोकाचे बरेचसे थेट रक्तात. म्हणजे यकृत हा जकात नाका आणि खालची ती चोरवाट! औषध जास्त उतरल्यास ओठ बधिर होतात, कान वाजतात. कान वाजले की प्रयोग बंद.

ताई, आमचे कान साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात, एकोणीस वर्षे हजेरी लिहिल्यापासून अखंड वाजत आहेत. बाईंनी विचारले तेव्हा मी ‘नाही’ म्हणालो. आमच्या सौ. कालिंदीच्या मते माझे कान वाजत नाहीत, सोयीप्रमाणे मिटतात. पिशवी नको, एवढीच इच्छा.

आज्ञाधारक,
शशिकांत

अलिबाग, दि. १० मार्च

चि. शशिकांत यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले आणि मग संताप आला. एकोणीस वर्षांत गैरहजर माणसाला तू कधी हजर लिहिले नाहीस. स्वतः मुकादम मिनतवारी करायला घरी आला, तर त्याला चहा पाजून रिकाम्या हाती परत पाठवलेस. आता स्वतःच्या कानांची हजेरी खोटी लिहितोस? उद्या औषध खरेच रक्तात उतरले आणि कान वाजले, तर त्या बाईंना कसे कळावे? पिशवी लागली तर लागली. पिशवीवाला भाऊ मला चालेल. फोटोतला चालणार नाही. जा, सांग. आणि वाकडा निजून लिहू नकोस, एक ओळ धड लागत नाही.

तुझी,
ताई

परळ, दि. १९ मार्च

तीर्थरूप ताईंस सा. न.

आज्ञा शिरोधार्य मानून सत्यकथन केले. बाईंनी त्या दिवशीचे औषध थांबवले. दोन दिवस मी मनातल्या मनात पिशवी शिवून घेतली. तिसऱ्या दिवशी नवी पद्धत ठरली. औषधापूर्वी कान कसे वाजतात ते लिहायचे, नंतर कसे वाजतात तेही लिहायचे. दोन्ही सारखेच निघाले. रक्तातही औषध अत्यल्प सापडले. प्रयोग चालू आहे. काल देहधर्म नऊ वेळा. यास प्रगती म्हणावे की नाही, हे ठरवायचेही त्राण नाही.

नोंद नेमकी व्हावी म्हणून बाईंनी विचारले की आवाज असतो तरी कसा. मी खाटेच्या पत्र्यावर बोटांनी वाजवून दाखवला. शेजारच्या खाटेवर लालबागचे तुळशीदास असतात. जुने विणकर, आठ दिवस कोणाशी अवाक्षर बोलले नव्हते. पांघरुणातून डोके न काढता ते म्हणाले, बाबू, धोट्यातली सुताची कांडी संपत आली, बदला.

बाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिले. मी तुळशीदासांना सांगितले की बदलतो. मग आम्ही दोघे पडल्या पडल्या तो साचा ऐकत राहिलो.

लोभ आहेच. तो रक्तात किती उतरला हे मोजण्याची सोय परळात अद्याप नाही, तोवर अंदाजानेच वाढवीत असावे.

आपला,
शशिकांत