निळ्या फुलांचं भांडं

२५ नोव्हेंबर, सोमवार
गुरुवारी थँक्सगिव्हिंग. जेवण आमच्याकडे. सासूबाईंचे हात हल्ली थरथरतात, म्हणून यंदा टर्कीवरची ग्रेव्ही मी करणार. मीच जाहीर केलं. जनीन म्हणाली, बघ बाबा. बायकोचा होकार असाच असतो.

सासूबाईंचं ग्रेव्ही वाढायचं चोचीचं भांडं आहे, निळ्या फुलांचं. जो यापुढे ग्रेव्ही सांभाळेल त्याला ते देणार म्हणे. म्हणजे मलाच. दुसरा कोण? मेहुणा कीथ? तो दरवर्षी दुकानातली बरणी आणतो. तपकिरी खळ नुसती. अशा माणसाला लोक जेवायला बोलावतात कसे, देव जाणे.

२६ नोव्हेंबर
टर्की मिठाच्या पाण्यात बुडवली. बादली गॅरेजमध्ये. मीठ अंदाजाने. मोजमापं कीथसारख्यांना लागतात.

सासूबाईंचा फोन. मिठात मुरवलेल्या टर्कीचा गळलेला रस ग्रेव्हीत बेताने घाल, आधी चाखून बघ, म्हणाल्या. वय झालं आता त्यांचं. हो हो म्हटलं.

२७ नोव्हेंबर
मीठ कमी वाटलं. आणखी दोन ओंजळी घातलं. जनीन म्हणाली, आता त्यात मासे सोड. दुर्लक्ष केलं.
ठराव: चाखायचं नाही. खऱ्या स्वयंपाक्याला वासावरून कळतं.

२८ नोव्हेंबर, सकाळ
टर्की ओव्हनमध्ये. कीथ आला, हातात दोन बरण्या. असू दे, लागली तर, म्हणाला. फडताळात पार मागे ढकलल्या.

दुपार
ट्रेमध्ये रस भरपूर. सगळाच घेतला, वर आटवला. लोण्यात मैदा परतून त्यात ओतला. एक गुठळी नाही. रंग फर्स्ट क्लास. जनीनने चमचाभर तोंडात घातली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. म्हणाली, तू जा, टर्की काप, इथलं मी बघते.

जेवणानंतर
ग्रेव्ही चाटूनपुसून संपली. मी तीनदा घेतली. ही चव बरणीत मिळत नाही, असं सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. बराच वेळ बोललो. कीथ मान खाली घालून बटाटे खात होता. लाज वाटली असणार.
शेवटी सासूबाईंनी भांडं उचलून कीथच्या हातात दिलं. धुवायला असेल.

२९ नोव्हेंबर
भांडं कीथच्या घरी गेलं.

कचरा बाहेर टाकताना पिशवीत काहीतरी खणखणलं. दोन बरण्या, रिकाम्या. मागच्या पडवीत माझं पातेलं सापडलं, झाकण लावलेलं, काठोकाठ भरलेलं. बोट बुडवून चाटलं. मग बराच वेळ नळाखाली तोंड धरून उभा होतो.

जनीनला जाब विचारला. म्हणाली, आईला ब्लडप्रेशर आहे, तिला मारायचं होतं का? मग निदान मला तरी सांगायचंस, म्हटलं. म्हणाली, सांगणार होते रे, पण तू बोलायलाच उभा राहिलास. कीथच म्हणाला, राहू दे, बोलू दे त्याला.

कीथ म्हणाला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षीचं सासूबाईंनी ठरवून टाकलंय. ग्रेव्ही कीथची. मी फक्त बर्फ आणायचा.
विकतचा आणणार नाही. घरीच करीन.