बाबांची न आलेली बोलणी

प्रिय आई,

तुला नमस्कार. बाबांनाही सांग, फिरून परत आले की.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खिडकीची कडी बसवून झाली, आणि साहेबांनी या महिन्यात एकदाच डोळे वटारले.

परवा पृथ्वीच्या पार पलीकडे मोठा भूकंप झाला, पण आमच्या भूकंपमापक यंत्रावर त्याच्या सरळ लाटा आल्याच नाहीत. यंत्र चालू होतं, घाबरू नकोस. वाटेत पृथ्वीचा गाभा लागतो. तिथे काही लाटा वळतात आणि नेमकं आमचं गाव चुकवून निघून जातात, तर काही पुढे सरकतच नाहीत. त्या पोचत नाहीत, यावरूनच तर गाभ्याचा बाहेरचा थर वितळलेला आहे हे कळलं.

आपल्या घरात तो गाभा म्हणजे तू. बाबा म्हणतात, "गाढवाला अक्कल नाही," आणि माझ्यापर्यंत येतं, "तुझी फार आठवण काढतात." तेही मी चालवून घेतो. पण तीन रविवार फोन केला की बाबा फिरायला गेलेले. कोपऱ्यावरच्या दुकानातही तुलाच पिटाळणारा माणूस हा.

म्हणून गेल्या पत्रात मी मुद्दाम मोटारसायकल घेतल्याचं लिहिलं. घेतलेली नाही. पण त्यावरही बोलणी आली नाहीत, तेव्हा ओळखलं, बाबा कुठेतरी पडलेत.

कुठलं हाड मोडलंय, तेवढं खरं लिही. दादा कामावरून कितीला येतो? तो आला की फोन बाबांच्या अंथरुणापाशी न्यायला सांग. मला त्यांच्या तोंडून सरळ शिव्या खायच्या आहेत.

तुझा,
अक्कल नसलेला धाकटा