लेकीचं भांडण, दहापैकी

४ जून, सकाळी ९
लेक बॅग घेऊन आली. वय सत्तेचाळीस, लग्नाला बावीस वर्षं. जावई दातांचे डॉक्टर. दवाखान्यातली जुनी खुर्ची त्यांनी न विचारता तिच्या अभ्यासाच्या खोलीत आणून ठेवली. आता परत जाणार नाही म्हणते. ही म्हणाली, तिला दोन दिवस नुसतं राहू द्या. पण मी अडतीस वर्षं भाषा शिकवली आहे. शिवाय गेल्याच महिन्यात वाचनालयात भावनिक बुद्धिमत्तेवर व्याख्यान ऐकलं. शेवटची वीस मिनिटं डोळा लागला, पण गाभा तोवर कळला होता. गाभा म्हणजे ऐकणं.

त्याच दिवशी, दुपारी
लेकीचं ऐकायला बसलो. म्हणाली, बाबा, प्रश्न खुर्चीचा नाही. दिवसभर लोक आ करून पडलेले असतात, त्यामुळे समोरचं माणूस उत्तर देतं हेच हे विसरलेत. खुर्ची म्हटल्यावर मला शाळेतली माझी खुर्ची आठवली. खिडकीतलं तिरपं ऊन, साठ पोरं एका सुरात कविता म्हणताहेत. तिला सगळं सांगितलं. तासभर. ती मान खाली घालून होती. नंतर कळलं, फोन बघत होती. कविताच शोधत असावी.

५ जून
योजना पक्की. दोघांनी निबंध लिहायचा: 'माझं काय दुखतं'. दीडशे शब्द. समास सोडून लिहिलं की राग आवरतो. जावयांना फोन केला. दोन पेशंटच्या मधे लिहितो म्हणाले. ही म्हणाली, अहो, ती तुमची विद्यार्थिनी नाही. पुढेही काहीतरी म्हणाली.

६ जून, संध्याकाळी
पेपर आले. जावयांचं अक्षर डॉक्टर असूनही वाचता येतं. मुद्देसूद, तीन परिच्छेद. आठ. लेकीची सुरुवात बरी, मग बावीस वर्षं एका दमात. 'मला एकदा विचारायचं होतं' हे वाक्य तीनदा. शेरा: पुनरुक्ती टाळावी. पाच. पोटची पोर म्हणून गुण वाढवणं माझ्या तत्त्वात नाही. दोन्ही पेपर फ्रिजवर लावले, फोटो जावयांना पाठवला.

७ जून
लेक माझ्याशी बोलत नाही. वर्तमानपत्रातल्या भाड्याच्या खोल्यांच्या जाहिरातींवर गोल करते आहे. लाल पेन माझंच. जावयांचा मेसेज: बाबा, तिला पाचच का? बऱ्याच वर्षांनी तिच्या बाजूनं बोलले. यालाच प्रोग्रेस म्हणतात.

८ जून
उद्या दोघांना समोरासमोर बसवून एकेक कडवं म्हणायला लावणार. श्वास जुळला की मन जुळतं. कविता निवडण्यात दिवस गेला. ही दारात येऊन बराच वेळ बोलून गेली. मी मान हलवत होतो. व्याख्यानात तसंच सांगितलं होतं.

९ जून, दुपारी
जावई स्वतः आले. खुर्ची काल काढून टाकली म्हणाले. पुढे म्हणाले, बाबा, आईंचा फोन आला होता. चार मिनिटं. त्यातली साडेतीन मीच बोललो, मग त्यांनी एवढंच विचारलं, की हे सगळं तिला विचारलंत का. नंतर नवराबायको स्वयंपाकघरात तासभर बसले. आवाज फक्त लेकीचा येत होता. कविता म्हणायला कुणी आलं नाही. तरी नोंद करून ठेवतो: निबंध पद्धत लागू पडली.

९ जून, संध्याकाळी ६
गाडी गेली. पुढे लेक आणि जावई, मागे ही, मांडीवर बॅग. लेक म्हणाली, आई, चल, तुझ्याशी बोलायचंय. मला तसं कुणी म्हटलं नाही. कुणीतरी घर सांभाळायला हवंच. शांतता आहे, वाचन होईल. कविता मोठ्यानं म्हणून पाहिली. दुसऱ्या कडव्यात अडलो. पुढची ओळ हिला येते. ही किती दिवसांसाठी गेली ते फोन करून विचारावं म्हणतो. पण म्हणेल, सांगितलं होतं.

बहुधा सांगितलंच असेल.