कुंपणाकडचं मुंगूस

१२ ऑक्टोबर
अल्बनीत न्याय उरलेला नाही. ऑम्लेटसाठी फ्रिज उघडला, तर एकही अंडं नाही! शेवटचं अंडं मागच्या अंगणात, लाकडी सापळ्यात विराजमान. वीझलसाहेबांसाठी! साहेब म्हणजे मुंगसासारखा दिसणारा वीतभर प्राणी, वरून तपकिरी, पोट पांढरं. उंदराच्या बिळात शिरतील इतके सडपातळ. (आमच्याकडे नुसतं बघावं.) इथले पक्षी वाचवायला गल्लीनं काढलेला सापळा-गट सांगतो, हा झाडावर चढून घरटी रिकामी करतो. आणि आमच्या झुडपात फॅनटेलचं घरटं आहे. आपल्याकडच्या नाचण पक्ष्यासारखाच. तीन पिल्लं.

१५ ऑक्टोबर
अंडं गायब. सापळा तसाच उघडा. तिसऱ्यांदा!

१६ ऑक्टोबर
चोर सापडला — सासरे! पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत, जन्मात अंड्याला शिवले नाहीत. आज सापळ्यातलं अंडं चिमट्यानं उचलून कुंपणाशी बशीत ठेवताना पकडले.
"अगं, मुंगूस आहे ते. सकाळी दिसलं की दिवस चांगला जातो."
"कुणाचा, बाबा? पिल्लांचा?"
"तुला सगळंच कळतं."
"मग आरतीही करा त्याची!"
जरा जास्तच बोलले. रात्री जेवताना ते फक्त मीठ मागण्यापुरते बोलले.

१७ ऑक्टोबर
सापळा लॉनच्या मधोमध आणला. अंडं, सशाच्या मांसाचा तुकडा. स्वयंपाकघरातून नजर ठेवता येते.

१९ ऑक्टोबर
तिनाची दोन पिल्लं. आई नुसती घिरट्या घालतेय. बाबा खिडकीत उभे. चहा गार झाला तरी.

२१ ऑक्टोबर
सापडला!!! सापळा थेट भिंतीपाशी — काय झटापट केली असेल पठ्ठ्यानं! गटाच्या बाईंनी "स्वीट ॲज!" (म्हणजे इथलं 'झकास!') म्हणत मिठी मारली. मी तिथल्या तिथे भाषण ठोकलं: धीर, शास्त्र, जागेची निवड.

२८ ऑक्टोबर
दोन्ही उडाली! एक सरळ कपड्यांच्या दोरीवर, शेपटीचा पंखा उघडून. गल्लीत दोघांनी मला थांबवून अभिनंदन केलं. मी नम्र असल्याचं नाटक केलं.

२९ ऑक्टोबर
भाजी निवडता निवडता बाबा म्हणाले, "उघड्यावरून ते कधीच जात नाही. भिंतीच्या कडेकडेनं जातं, दहाच्या सुमाराला. तीन आठवडे बघत होतो. म्हणून काठीनं ओढून ठेवला मी सापळा."
"तुम्ही? पण तुमचं तर मुंगूस..."
"पिल्लू नेताना पाहिलं गं मी."
पुढे दोघंही मेथीच निवडत बसलो.

३० ऑक्टोबर
गटाच्या नोंदीत 'पकडणारा'पुढचं माझं नाव काढलं. तिथे बाबांचं लिहिलं: गोविंद कानिटकर. बाबांना सांगितलं नाही.