काकाचं पुढे लावलेलं घड्याळ

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. एक विनंती आहे, आणि ती फोनवर केली तर तू मधेच बोलतेस.

दोन वर्षं आम्ही पाच जण जे ॲप करतोय, ते तयार आहे. निरोप, फोटो, बोलणं, सगळं जुन्या ॲपसारखंच. फरक इतकाच, की मधलं कुणीही, अगदी आम्हीसुद्धा, ते वाचू शकत नाही. बाहेर आणण्याआधी कंपनीची अट आहे. प्रत्येकाने घरची, तांत्रिक काम न करणारी वीस माणसं त्यावर आणायची. मार्चअखेर जमली नाहीत, तर दोन वर्षांचं काम गुंडाळून ठेवायचं.

माझ्याकडचा भाग म्हणजे निरोपांचा क्रम. कोणता आधी, कोणता नंतर. ऐकायला किरकोळ वाटेल. तसा तो नाही.

बाबांना दुकानात जाऊन विचारलं. या वयात नवं काही नको म्हणाले आणि शिवत असलेल्या सदऱ्याची काजं करायला घेतली. मला कुणाला दोनदा विचारणं जमत नाही. घरातली प्रत्येक बातमी आधी तुझ्याकडे येते आणि तिथून पुढे जाते. तू आलीस तर सगळे येतील, तू नाही आलीस तर कुणीच नाही. विनंती आहे, आग्रह नाही.

लोभ आहेच, वाढला तर हरकत नाही.

तुझी भाची,
घुमी


९ फेब्रुवारी

चि. घुमी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू कुणाकडे काहीतरी मागितलंस, याचाच इतका आनंद झाला की पत्र दोनदा वाचलं. लहानपणी खाऊचा डबा समोर असला तरी तू नुसती त्याच्याकडे बघत बसायचीस.

पण बाई, मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजच्या तपासणी टेबलावर काढली आहेत. भाचीचे लाड करीन, लाइनचे करणार नाही. घरातली तेवीस माणसं मी एकदम नव्या लाइनवर टाकायची नाही. आधी दहा दिवस चौघंच: मी, तुझा काका, काकू आणि त्यांचा बेकरीत काम करणारा मुलगा. मी वहीत नोंद ठेवीन आणि निकाल पत्रानेच कळवीन. ज्या लाइनची तपासणी चालू आहे, तिच्यावरूनच तिची तक्रार करायची नाही, असा आमच्याकडे नियम होता.

मधलं कुणी ऐकू शकत नाही म्हणतेस. आम्हाला ऐकू येत होतं, आणि आम्ही हेडफोन काढून ठेवत होतो. यात जास्त अवघड कोणतं, ते एकदा सांग.

जेवणाच्या वेळा पाळ, म्हणजे माझा लोभ सुखाने राहील.

तुझी,
आत्या


२३ फेब्रुवारी

चि. घुमी हिस,
अ. उ. आ.

आवाज स्वच्छ आहे. फोटो झटकन जातात. अक्षर मोठं करता येतं म्हणून काकू खूश आहे. पण तुझा क्रम चुकतो.

मंगळवारी सकाळी बेकरीवाल्याने विचारलं, नोकरी सोडून स्वतःची भट्टी टाकू का. दोन मिनिटांनी काकाने विचारलं, पाण्याची टाकी धुवून घ्यायची का. मी लगेच काकाला लिहिलं, 'हो, आजच.' पडद्यावर माझं उत्तर काकाच्या प्रश्नाच्या वर जाऊन बसलं, म्हणजे बरोबर बेकरीवाल्याच्या प्रश्नाखाली. गडी राजीनामा लिहून मालकाच्या दारात उभा. कागदाला पीठ लागू नये म्हणून हात धुवायला गेला, तेवढ्यात काकूने त्याला गाठलं. आता तो म्हणतो, आत्यानेच सांगितलं होतं, आणि पडदा दाखवतो.

हे नीट होईपर्यंत बाकीच्यांना मी आणणार नाही. राग मानू नकोस. मानलास तरी चालेल, पण जेव.

लोभ होता तसाच आहे.

तुझी,
आत्या


२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

क्रम चुकणं शक्य नाही. त्या भागावर चारशे बारा चाचण्या आहेत आणि सगळ्या पास आहेत. काल पुन्हा चालवल्या.

बहुधा वाचताना पडदा खालीवर सरकला असेल, किंवा उत्तर लिहून ठेवून तू ते दुसऱ्याच वेळी पाठवलं असशील. तुझ्या वयाच्या माणसांकडून असं होतं, त्यात कमीपणा नाही.

मार्च लागतो आहे. काय ठरवलंस ते लवकर कळव.

तुझी,
घुमी


४ मार्च

चि. घुमी हिस,
अ. उ. आ.

कमीपणा नाही हे वाचून बरं वाटलं. पत्राखाली लोभ लिहायला विसरलीस, तेही तुझ्या वयाच्या माणसांकडून होतं.

वही सोबत पाठवते आहे. तारीख, पाठवल्याची वेळ, मिळाल्याची वेळ, पडद्यावरची जागा. चौसष्ट नोंदी आहेत. नऊ वेळा क्रम चुकला आणि नऊही वेळा मध्ये काका होता. म्हणून परवा त्याला समोर बसवलं. त्याने प्रश्न पाठवायचा, मी उत्तर. पाच मिनिटांनी दिलं, चुकलं. सहा मिनिटांनी दिलं, चुकलं. आठ मिनिटांनी दिलं, तर बरोबर जागेवर बसलं. नऊलाही जागेवर.

सात मिनिटं, घुमी. तुझा काका स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला होता, तेव्हापासून घरातलं प्रत्येक घड्याळ सात मिनिटं पुढे ठेवतो. फोनचंसुद्धा. तू त्याच्याच स्कूटरवरून शाळेत जायचीस आणि फाटक उघडायची वाट बघत उभी राहायचीस. तुझ्या चारशे बारा चाचण्यांत असा एक तरी माणूस आहे का?

त्याला म्हटलं, घड्याळ मागे घे. तो म्हणाला, घड्याळ जुनं आहे आणि ॲप नवीन आहे, बदलायचं कुणी ते तिलाच ठरवू दे.

लोभ आहे. वहीत नोंदलेला नाही, इतकंच.

तुझी,
आत्या


११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चूक माझी आहे.

प्रत्येक निरोपावर मी पाठवणाऱ्याच्या फोनची वेळ घालत होते आणि त्यावरून क्रम लावत होते. चाचण्यांमधल्या सगळ्या फोनची घड्याळं बरोबर होती, कारण ती मीच लावली होती. कुणी मुद्दाम चुकीची वेळ ठेवत असेल हे त्याच घरात वाढूनही मला सुचलं नाही. आता क्रम घड्याळावरून लागत नाही. निरोप आमच्यापर्यंत ज्या क्रमाने पोचतात, त्यावरून लागतो. त्यासाठी ते वाचावे लागत नाहीत. चारशे तेराव्या चाचणीचं नाव 'काका' आहे.

ऑफिसात एकाने सुचवलं, महिनाअखेरपर्यंत हे बोलू नकोस, निकालांत तर काही दिसत नाही. सोमवारच्या बैठकीत मी सांगितलं. आमच्या मुख्य बाईंनी विचारलं, हे शोधलं कुणी. मी म्हटलं, माझ्या आत्याने, ती एकतीस वर्षं तपासणी टेबलावर होती. वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सगळी पानं उलटून पाहिली आणि विचारलं, आपल्यात अशी नोंद कोण ठेवतं. मी ताठ बसून राहिले. खरं तर उभं राहावंसं वाटत होतं.

हेडफोनचं विचारलं होतंस. तुमचं जास्त अवघड होतं.

वयाबद्दल लिहिलं ते मागे घेते. माणसं आणण्याबद्दल पुन्हा विचारत नाही. मुदत एकतीसला संपते, ते तुला माहीत आहे.

लोभ कमी झाला असेल तर कळव, कारण शोधीन.

तुझी,
घुमी


२२ मार्च

चि. घुमी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लाइन आमच्याकडून तुटली असली तरी रजिस्टरला 'ग्राहकाकडील दोष' असं लिहायचं, हा आमच्या साहेबांचा शिरस्ता होता. मीही लिहिलं आणि खाली सह्या केल्या. ते मला अजून टोचतं. म्हणून तुझ्या पत्रातलं पहिलं वाक्य वाचलं आणि चष्मा काढून पुसावा लागला.

रविवारी सगळ्यांना माझ्याकडे बोलावलं. खुर्च्या पुरल्या नाहीत, दोघं शिवणाच्या मशीनवर टेकले. ॲप कसं चालतं ते मी सांगितलंच नाही. तुझं पत्र मोठ्याने वाचलं, वरपासून खालपर्यंत. आपल्या नावाची चाचणी आहे हे ऐकून काका असा बसला, जणू चौकात त्याचा पुतळा उभारलाय. काकू म्हणाली, आता ह्यांचं घड्याळ मेल्यावरसुद्धा मागे यायचं नाही. बेकरीवाल्याने विचारलं, जे चुकतं ते घ्यायचंच कशाला.

तेव्हा दादा बोलला. तुझे बाबा चारचौघांत किती बोलतात, तुला माहीत आहे. तो म्हणाला, "माझ्याकडून बाही आखूड कापली गेली तर मी गिऱ्हाइकाला सांगतो, तुमचाच हात लांब आहे. हिने तसं सांगितलं नाही." मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "आधी माझ्यात घाल."

त्याच्यामागे रांग लागली. मी एकेकाचं नाव वहीत लिहून घेतलं.

तू वीस मागितली होतीस. आज सत्तावीस आहेत. तेवीस घरची, आणि चार दादाची गिऱ्हाइकं. माप घेता घेता तो सांगतो, हे माझ्या मुलीने केलंय. गळ्याभोवती टेप असताना नाही कोण म्हणणार? ती चार घरची नाहीत म्हणून तुमच्या बाईंनी मोजली नाहीत, तर न मोजू देत. आज पाचव्याची कॉलर चालू आहे.

आमचा सगळ्यांचा लोभ आहे, त्याची चाचणी लावू नकोस.

तुझी,
आत्या