व्याह्यांना पाण्यात पाहिले त्याची हकीकत

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार या खेपेस शब्दशः घ्यावा. पाठीला टाकीचे पट्टे काचले आहेत, त्यामुळे मी पलंगावर पालथी पडूनच लिहिते आहे आणि आठही अंगं गादीला टेकलेली आहेत.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? आई नीट जेवते ना? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. हे वाक्य रिवाज म्हणून लिहिलेलं नाही. पुढचं वाचताना तुला धीर असावा म्हणून आधीच सांगून ठेवते.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर माझे तीन शब्द झाले की चौथा तुझा असतो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. शिवाय तुझा परवाचा निरोप मी जपून ठेवला आहे: 'सुट्टीला गेली आहेस तर नातीला सांभाळ, सावलीत बस, या वयात फार खोलात जाऊ नकोस.' दादा, मला कळायला लागल्यापासून तू मला हेच सांगत आला आहेस. गणिताच्या खोलात जाऊ नकोस, भाऊबंदांच्या भांडणाच्या खोलात जाऊ नकोस, मोटारीच्या इंजिनाच्या तर मुळीच जाऊ नकोस. इंजिनाच्या खोलात गेले म्हणून तर आज माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि तुझ्या दोन्ही मुलांना गाडी येते ती त्यामुळेच. (धाकट्याला येते असं आपण म्हणतो.) तेव्हा या वेळी मी ठरवूनच खोलात गेले. तीस मीटर. म्हणजे दहा मजली इमारत उलटी करून समुद्रात घातली, तर तिच्या गच्चीवर मी उभी होते.

गेल्या सुट्टीत मी तुला 'पोहण्याचा क्लास लावला आहे' असं कळवलं होतं. तो पोहण्याचा नव्हता. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याचा होता, आणि मी, मुलगा, सूनबाई आणि व्याही असे चौघेही त्यात पास झालो होतो. यंदा त्याच्या पुढचा, वरच्या इयत्तेचा कोर्स होता. पहिल्याच सकाळी नाश्त्याला मुलाने जाहीर केलं की, तो कोर्स तो आणि सूनबाई करणार, आम्ही दोघांनी नातीबरोबर वाळूत खेळावं. त्याने हे इतक्या मायेने सांगितलं की मला संतापच आला. मी म्हटलं, माझं नाव घाल. सूनबाई म्हणाली, "आई, खोल पाण्यात त्रास होतो म्हणे." मी म्हटलं, उथळ पाण्यात जास्त होतो, तिथे सगळे उपदेश करायला पोचतात. यावर बिचारी हसली, आणि नातीपाशी मी थांबते, असं स्वतःहून म्हणाली. (सून चांगली आहे. तिच्या वडिलांवर गेलेली नाही.)

आता त्या वडिलांविषयी. तू त्यांना लग्नात पाहिलंस, मंडपवाल्याचा वजनकाटा तपासत होते तेच. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण तपासणी थांबलेली नाही. आमच्या ह्यांच्या मागोमाग सूनबाईची आई गेली, तेव्हापासून दर सुट्टीत ते आमच्याबरोबर असतात, आणि दर सुट्टीत मी गाडी चालवत असताना बाजूला बसून मला गिअर सांगतात. मला! जिने गावातल्या निम्म्या लोकांना गिअर दाखवला तिला! तर विहीणबाईंचं नाव पडलं म्हटल्यावर व्याह्यांना खाली बसवेना. त्यांनीही नाव घातलं. पाण्यात दोघादोघांची जोडी लावतात, एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची असते. मुलाची जोडी एका चष्मेवाल्या पाहुण्याशी लागली. उरलो आम्ही. लग्न ठरल्यापासून व्याही मला पाण्यात पाहत आले आहेत, आता त्याची रीतसर फी भरून सोय झाली.

शिकवणारी एक तरुण मुलगी होती. उन्हाने तिच्या नाकाची सालं निघालेली, आवाज मात्र हेडमास्तरणीचा, म्हणून आम्ही तिला मास्तरीणबाई म्हणायचो. तिचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला रबरी पोशाख ओळीने टांगलेले, फरशी कायम ओली, कोपऱ्यात मोठ्या टपात शिशाची वजनं. माणूस आपणहून बुडत नाही म्हणून कमरेच्या पट्ट्यात ती अडकवतात. शिसं दिसल्याबरोबर व्याह्यांचे डोळे चमकले. त्यांनी एकेक तुकडा तळहातावर तोलला आणि छापलेल्या आकड्यापेक्षा माल कमी भरतो असा निकाल दिला. मास्तरीणबाई म्हणाली, "काका, तुम्हाला एवढंच पुरे." काकांनी तिची पाठ फिरताच आणखी दोन तुकडे ओवले आणि दोर तुटलेल्या घागरीसारखे तळाला गेले. वर आल्यावर म्हणाले, पाण्याची घनता कमी आहे.

दुसऱ्या दिवशी होकायंत्र. पाण्याखाली चौकोन काढून निघाल्या जागी परत यायचं. यंत्र कोणाच्या हाती द्यायचं यावरून वाद नको म्हणून मी ते त्यांना दिलं. (शिकाऊ माणसाला स्टिअरिंग देण्याची मला सवय आहे. फरक इतकाच की गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो.) तिसऱ्या वळणावर ते डावीकडे निघाले. मी उजवीकडे बोट दाखवलं, त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या पावलाचा रबरी पंखा ओढला, त्यांनी पाय झाडला. शेवटी डोकं वर काढलं तर समोर भलतीच बोट. त्यावरच्या अनोळखी मंडळींनी आम्हाला वर घेतलं, टॉवेल दिला, आणि व्याह्यांनी त्यांना तुम्ही चुकीच्या जागी नांगर टाकला आहे असं समजावलं. तरीही दादा, खरं सांगते, त्या दिवशी मला मजा आली. पाण्याखाली त्यांचं तोंड बंद असतं. इतक्या वर्षांत आम्ही प्रथमच तासभर एकमेकांशी नीट वागलो.

तिसऱ्या दिवशी खोल पाण्यात उतरायचं होतं. मास्तरीणबाईने बोटीवर बजावून सांगितलं की खूप खाली गेलं की काहींना हवेचीच झिंग चढते. प्यायल्यासारखं होतं, उगाच हसू येतं, बुद्धी चालत नाही. घाबरायचं नाही, थोडं वर आलं की उतरते. मात्र जोडीदारावर लक्ष हवं. व्याही म्हणाले, "मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही." जणू समुद्र आधी चौकशी करून मग झिंग चढवतो!

खाली सगळं निळं. दोराला धरून आम्ही उतरत गेलो. माझ्या पोशाखाची लाल पट्टी आधी विटकरी दिसायला लागली, मग मळक्या राखाडी रंगाची. लाल रंग तितक्या खोल पोचतच नाही म्हणे. कान दुखले, नाक दाबून मोकळे केले. भीती वाटली का? वाटली. पहिल्यांदा घाटात गाडी घातली तेव्हाही वाटली होती, म्हणून काय मी गाडी उलटी फिरवली? तळ आला. मास्तरीणबाईने पाटीवर साधी बेरीज लिहून माझ्यापुढे धरली, मी उत्तर लिहिलं. मग पाटी व्याह्यांकडे गेली. त्यांनी बराच वेळ विचार करून, मोठ्या अक्षरात, पाटीवर आपली सही केली.

तेवढ्यात पलीकडे चष्मेवाल्या पाहुण्याच्या डोळ्यांवरच्या काचेच्या मुखवट्यात पाणी शिरलं आणि मास्तरीणबाई तिकडे वळली. मी व्याह्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते डोळे मला माहीत आहेत, दादा. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबायच्या आधी शिकाऊ माणसाचे डोळे असेच शांत, प्रेमळ आणि रिकामे होतात. त्यांच्यापुढे एक थोराड मासा येऊन थबकला होता, जाड ओठांचा, एखाद्या बड्या पाहुण्यासारखा. व्याही त्याला बघून अदबीने वाकले. मग त्यांनी स्वतःच्या तोंडातली हवेची नळी काढली आणि 'आधी तुम्ही' अशा थाटात माशापुढे धरली.

मी विचार केला नाही. नळी हिसकली, त्यांच्या तोंडात कोंबली, तिची कळ दाबून आतलं पाणी हवेने बाहेर ढकललं आणि तिथेच हात दाबून धरला. दुसऱ्या हाताने त्यांचा खांद्याचा पट्टा पकडला. ते हसत होते, नळीतून बुडबुडे खदखदत होते. सगळं अंग म्हणत होतं, सूट वर. पण एकदम वर सुटणं हे बुडण्याइतकंच वाईट, हे शिकवलेलं होतं. म्हणून क्लच सोडावा तशी हळूहळू वर निघाले. मास्तरीणबाई दोन झेपांत आली, दुसऱ्या बाजूने तिने धरलं. थोडं वर आल्यावर व्याह्यांच्या डोळ्यांत माणूस परत आला. माझी पट्टी पुन्हा लाल झाली, तेव्हा कुठे मी घाबरले.

बोटीवर मी टाकीचे पट्टे सोडवत होते. व्याही मात्र टॉवेल गुंडाळून सगळ्यांना सांगत होते की, विहीणबाई जरा गांगरल्या, मला येऊन बिलगल्या, पण मी डोकं शांत ठेवून त्यांना वर आणलं. रात्रीच्या जेवणाला गोष्टीत एक शार्क आला. मी ताटावरून उठणार होते, पण उठले नाही. म्हटलं, "व्याही, ती पाटी दुकानात आहे. उद्या सकाळी आपली सही ओळखता का बघा." नातीने विचारलं, शार्क कुठे गेला?

सकाळी मास्तरीणबाईने निकाल सांगितला. मी पास. काकांना खोलवरचा धडा पुन्हा करावा लागेल. व्याही म्हणाले, पोट बिघडलं आहे, आणि दुकानाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले. तिथे ओले पोशाख वाळत होते, टपटप पाणी गळत होतं. मी त्यांना चार शब्द सुनावायलाच गेले होते. चांगले पाठ करून गेले होते. ते वर न बघताच बोलले, "विहीणबाई, मला काहीच आठवत नाही. दोरावरून उतरलो ते आठवतं, आणि मग एकदम तुमचा चेहरा. मधे काही नाही. मी काय केलं?"

दादा, चाळीस वर्षं ज्या माणसाने गावभरच्या काट्यांना खोटं ठरवलं, त्याला आता स्वतःच्याच काट्याचा भरवसा वाटेना. पाठ केलेले शब्द मी गिळले. सांगितलं, तुम्ही माशाला तोंडातली नळी देऊ केलीत. त्यांनी पायरीवर साचलेलं पाणी पायाने निपटलं. मग म्हणाले, "मासा काय म्हणाला?"

मी म्हटलं, "आग्रह नको म्हणाला." आम्ही दोघं इतके हसलो की मास्तरीणबाई बाहेर येऊन बघून गेली.

मग मी तिला सांगून टाकलं की काका पुन्हा उतरतील तेव्हा जोडीदार मीच. मुलगा म्हणाला, आई, आता पुरे. सूनबाई म्हणाली, बाबा, राहू द्या ना. त्या दोघांना मी म्हटलं, तुम्ही दोघं सावलीत बसा. दुसऱ्या खेपेला थोडं कमी खोल आणि फार सावकाश उतरलो. व्याह्यांनी शिसं सांगितलं तेवढंच घेतलं. खाली पाटी आली. त्यांनी बेरीज लिहिली, तपासली, पुन्हा तपासली, आणि मास्तरीणबाईने अंक नीट काढला नाही म्हणून तो दुरुस्त करून दिला. माणूस ठिकाणावर आहे हे मला कळलं.

तेव्हा आता तुला जे म्हणायचं ते म्हण. पुढल्या सुट्टीत याच्याही वरचा कोर्स आहे, दुसऱ्याला वाचवण्याचा. मी तो करणार. डॉक्टरकडून तपासून घेऊन, छाती ठोकून करणार. कोणाच्या परवानगीसाठी हे पत्र नाही. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद (धाकट्याला हेल्मेट).

तुझी,
पाण्याबाहेर सुखरूप असलेली बहीण

ता. क. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

ता. क. दोन: आता त्याचा उपयोग नाही. पाकीट चिकटवत होते तोच आईचा फोन आला. मुलाने तिला सगळं सांगितलं आहे. समुद्राबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. "व्याह्यांना धरून वर आणलंस म्हणे," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आई, पाण्यात होतो. ती म्हणाली, "पाण्यात नातं बदलतं का?" दादा, तीस मीटरवर माझी जीभ टाळ्याला चिकटली नव्हती, ती इथे चिकटली. तुझं ती ऐकते. कृपा करून पत्र मिळताच तिच्याकडे जा आणि समजावून सांग की मी फक्त खांद्याचा पट्टा धरला होता, तोही नियमाप्रमाणे, आणि मास्तरीणबाई सोबत होती. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र ताबडतोब टाकते आहे.

ता. क. तीन: पट्टा पहिल्या खेपेला. दुसऱ्या खेपेला हात धरला होता. उतरताना मी धरला, वर येताना त्यांनी, आणि बोटीवर चढेपर्यंत कोणी सोडला नाही. एवढं मात्र आईला सांगू नकोस.