दांडा वर असला तरी

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. विश्वास ठेवायची सक्ती नाही.

बाबांना तुम्ही आमच्याकडे सोडून गेलात त्याला आज चार महिने झाले. "घराला रंग देतोय, वाळला की घेऊन जातो," हे तुमचे शब्द (वहिनी साक्षीला होत्या). दादा, चार महिने न वाळणारा हा कुठला रंग आहे? आमच्या गाद्यांच्या दुकानाच्या पाटीला तो लावावा म्हणतो, जन्मभर नवी दिसेल.

सासऱ्यांविषयी जावयाने वाईट लिहू नये हे मला कळतं. पण बत्तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर गेटमन राहिलेला माणूस निवृत्त झाला तरी फाटक त्याच्यातून निवृत्त होत नाही. पहिल्या आठवड्यात ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तुमच्या बहिणीला हात आडवा करायचे आणि आतून येणारा माणूस आधी सोडायचे. ती कंटाळली आणि एका सकाळी म्हणाली, "बाबांना तुमच्या टेम्पोत न्या ना, तेवढाच त्यांचा वेळ जाईल." बाबांचा वेळ जातो. माझाही जातो. गाद्या मात्र वेळेवर जात नाहीत.

आमच्या दुकानातून गावात कुठेही गादी पोचवायची तर रेल्वेचं फाटक ओलांडावं लागतं. तिथे माणूस नसतो, लाल दिवा लागतो आणि दांडा आपोआप खाली येतो. दांडा वर असला की सगळं जग सरळ निघून जातं. आम्ही नाही. आम्ही रुळांच्या अलीकडे थांबतो. रेडिओ बंद करतो. दोन्ही काचा खाली करतो (पाऊस असला तरी, गाद्यांवर प्लास्टिक असतं, माझ्यावर नसतं). मग बाबा विचारतात, "उजवं मोकळं?" मी म्हणायचं, मोकळं. "डावं मोकळं?" मोकळं. "पलीकडे आपल्या गाडीपुरती जागा?" आहे. मग पहिल्या गिअरमध्ये, मध्ये गिअर न बदलता, पलीकडे. एक गाडी गेली तरी लगेच निघायचं नाही, कारण दुसऱ्या रुळावरून दुसरी येत असू शकते. मागचे लोक हॉर्न वाजवतात, माझ्या घराण्याचा उद्धार करतात. बाबा शांत. "दांडा काय, माणसानेच बसवलाय," एवढंच म्हणतात. दिवसातून सहा वेळा हे चालतं. परवा जेवताना मी भाताला हात घातला तर आमच्या धाकटीने विचारलं, "पलीकडे जागा?"

रोजच्या उशिराला मी मालकांना पंक्चरची कारणं देत आलो. काल त्यांनी हिशेब केला की महिन्यात माझी अठरा चाकं पंक्चर झाली, आणि टेम्पोला आहेत चार. आज ते स्वतः माझ्या शेजारी बसणार आहेत, उशीर का होतो ते बघायला. आज उशीर झाला तर चावी टेबलावर ठेवून घरी जायचं, असं स्पष्ट सांगितलंय. नोकरी गेली तर खायचं काय? म्हणून हात जोडून विनंती, येत्या रविवारी या आणि बाबांना घेऊन जा. आज ते घरी राहतील, पण उद्यापासून माझं काय होईल ते तुम्हीच ठरवा.

तुमचा गांजलेला,
मेहुणा

ता. क. पत्र सकाळी टाकायचं राहिलं, आता संध्याकाळ आहे. दुपारी फाटकाशी पोचलो तेव्हा दांडा वर, दिवा बंद. बाबा नाहीत. आज सुसाट जायचं ठरवलं होतं. पण पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि मालकांच्या देखत माझ्या तोंडून निघालं, "उजवं मोकळं? डावं मोकळं? पलीकडे जागा?" पलीकडे एक ट्रक लाकडाच्या वखारीत उलटा शिरत होता, जागा अर्ध्या टेम्पोची. मालक ओरडले, "होईल जागा, घ्या पुढे!" मी घेतला नाही. का ते मला आत्ताही सांगता येणार नाही. मागे हॉर्न सुरू झाले, मालकांनी नोकरी गेल्याचं जाहीर केलं, आणि डावीकडून गाडी आली. दांडा वर असताना. आमच्या नाकासमोरून सगळे डबे गेले आणि शेवटचा डबा गेल्यावर दांडा सावकाश खाली आला.

मालकांनी बाटली उघडली. पाणी प्यायले, अर्धं सांडलं. मग विचारलं, "ही सवय कोणाची?" मी सांगितलं. म्हणाले, "उद्यापासून त्यांना पुढे बसवा. मी आलो तर मागे गाद्यांवर बसेन."

ता. क. २. बाबांना सगळं सांगितलं. शाबासकी वगैरे काही नाही. म्हणाले, "काचा दोन्ही खाली होत्या?" मी म्हटलं, एकच. म्हणाले, "हं." आणि उठून गेले. पण तुमची बहीण सांगते, आत जाऊन बराच वेळ डोळे पुसत होते.

ता. क. ३. वरचं रविवारचं रद्द समजावं. बाबा घराच्या रंगाची फार चौकशी करतात. त्यांना एक कार्ड टाका आणि कळवा, की अजून ओलाच आहे.